फरारी नाचण

यंत्रमागांच्या अहोरात्र खडखडाटामुळे भिवंडीकराचा कान मंजुळ स्वरांना कायमचा पारखा झालेला असतो, असा जो समज ठाण्या-कल्याणच्या सुसंस्कृत मंडळींत रूढ आहे, त्याचे निराकरण करण्याच्या हेतूने मी वज्रेश्वरीच्या बाजूच्या रानात जाऊन नाचण पक्ष्याचे छायाचित्र घेण्याचा संकल्प सोडला. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी याच देवीला नवस केला होता असे सांगतात, आणि १७३९ साली तो किल्ला त्यांच्या हाती आलाही. मात्र किल्ला एके जागी उभा असतो, ही अप्पांची सोय विसरता कामा नये.

नाचण दुर्लभ असता तर दुःख नव्हते. लाजाळू पक्ष्याचे छायाचित्र न मिळण्यात एक प्रतिष्ठा असते. हा गृहस्थ मात्र चार हातांवर येऊन, पांढऱ्या भुवया मिरवीत, ठिपकेदार छाती पुढे काढून, शेपटीचा पंखा उघडमीट करीत, चढत्या-उतरत्या शिळेची एक सुरेल लकेर निःसंकोचपणे ऐकवतो, आणि आपण डोळा कॅमेऱ्याला लावीपर्यंत मागावरच्या धोट्यासारखा दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. हे नृत्य रसिकांसाठी चालले आहे, अशा भ्रमात कुणी राहू नये. पंख्याच्या त्या हालचालीने पानांआडचे किडे बिचकून उडतात, आणि उडाले की नाचण ते हवेतल्या हवेत गट्ट करतो. म्हणजे आपण जिला कला समजतो, तो सारा चरितार्थाचा व्यवहार. निदान भिवंडीत तरी हे कुणाला समजावून सांगावे लागू नये.

कोळिष्टकांनी बाहेरून लिंपलेल्या इवल्याशा घरट्यात तो अंडी उबवताना स्वस्थ बसतो, तेव्हा तेथेच त्याला गाठावे, असा सल्ला एका अनुभवी स्नेह्याने दिला. परंतु घरी बाळंतपण असलेल्या इसमाच्या दारात ऐन वेळी मुलाहिज्यासाठी ठाण मांडणे मला प्रशस्त वाटेना.

परिणामी माझ्या दफ्तरी जमा झालेली छायाचित्रे म्हणजे निव्वळ पंचनामे आहेत: घटनास्थळ स्पष्ट, उजेड यथायोग्य, सालीची रेघ न् रेघ मोजून घ्यावी, आणि आरोपी फरार. एका चित्राच्या डाव्या कोपऱ्यात शेपटीचा अर्धा पंखा दाखल आहे, त्याचे बारकाईने अवलोकन करून आमच्या सौभाग्यवतींनी "फांदी मात्र सुरेख आली आहे हो!" असा अभिप्राय नोंदवला.

तरी वनस्पतिशास्त्राच्या कुणा अभ्यासकास ऐन, कुंभा अथवा करंज यांच्या फांद्यांची, पक्ष्यांचा यत्किंचितही अडथळा नसलेली छायाचित्रे हवी असल्यास त्याने साध्या पोस्टकार्डाने मागणी करावी. मोबदल्याची अपेक्षा नाही.