दाबा, धरा, सोडा

आमच्या गाडीच्या कागदांवर 'प्रीमियर पद्मिनी' असं भारदस्त नाव आहे. माधवनगरात मात्र तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ती फियाट. १९७८ ची. अण्णांनी ती घेतली तेव्हाच जुनी होती, म्हणजे आता जुन्याची जुनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची ही लेक आणि विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव त्यांचंच, त्यामुळे अण्णा तिला सांगलीचीच समजतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. ती बातमी टीव्हीवर बघून अण्णांनी त्या रात्री आमच्या गाडीवर एक जास्तीची चादर घातली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती नेमकी गावभागात काकांच्या दारात उभी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही इंजिन धुतलं, सीटा उन्हात वाळवल्या, बॉनेटला पॉलिश केलं. ब्रेकच्या पाइपांकडे कोणी पाहिलं नाही. ते बिचारे गाडीच्या पोटाखालून जातात, कुणाला दिसत नाहीत, आणि पॉलिश लावून मिरवावं असं त्यांच्यात काही नसतं. गंजाला मात्र ते बरोबर सापडले. परवा फाटकातून गाडी आत घेताना पेडल सरळ तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, तरी बंपरने नारळाच्या झाडाची गळाभेट घेतलीच.

गॅरेजवाल्याने फियाट बघितली आणि आधी चहा मागवला. आपल्याकडे आधी चहा आला की काम होणार नाही, असं समजायचं. तयार पाइप मिळत नाहीत, मीटरवर घ्या आणि घरीच वाकवा, असा सल्ला देऊन त्याने आमची बोळवण केली.

मग मी अंगणात चारही घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, ही अण्णांची शिस्त. जुना पाइप नमुना म्हणून समोर ठेवला, सुतळीने वळणावळणाने मापला आणि नवा आईच्या वरवंट्यावर वाकवायला घेतला. पाइप जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीचा. एकदम वाकवला की चेपतो, सावकाश वाकवला तर ऐकतो. आई दारात उभी राहून म्हणाली, "चटणी वाटायची तो दगड, धुऊन ठेव."

पाइपाचं तोंड फ्लेअर करायचं, म्हणजे टूलमध्ये धरून टोक कर्ण्यासारखं फुलवायचं आणि मग दुमडायचं, म्हणजे दाबाखाली ते गळत नाही. पहिलं तोंड सुरेख उमललं. दुसरं त्याहून सुरेख. दोन्ही डोळे भरून पाहिली आणि मग लक्षात आलं की नट खाली, फरशीवरच आहेत. नट आधी ओवायचा असतो; दोन्ही तोंडं फुलल्यावर तो आत जात नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तो पाइप मी अजून जपून ठेवलाय. इतकं निर्दोष काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

खरी मजा हवा काढताना आली. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते. पाइपात थोडी जरी उरली तरी पाय नुसता तिच्याशी कुस्ती खेळतो, चाकाला पत्ता नसतो. डोक्यात हवा गेलेल्या माणसासारखंच: जोर सगळा लावायचा आणि आत काही पोचायचं नाही. हे काम एकट्याचं नाही. एकाने खाली निपल उघडायचा, दुसऱ्याने पेडलवर बसायचं. पेडलवर अण्णा बसले. वय ऐंशीच्या पुढे, लायसनची मुदत केव्हाच संपलेली. बसल्याबसल्या त्यांनी आरसा नीट केला आणि स्टिअरिंगच्या बाजूचा गियर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री केली.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून.

"अण्णा, दाबा."

"दाबलं."

"धरा." निपल उघडला. नळीतून काचेच्या बाटलीत आधी काकवीसारखं काळं ऑइल आलं, मग सोड्यासारखे बुडबुडे. ब्रेक ऑइल हवेतलंही पाणी ओढून घेतं. आमचं तर महापूर पिऊन बसलेलं. निपल बंद केला. "सोडा."

"सोडलं. कुठवर आलो?"

"अंगणातच आहे, अण्णा."

"मला वाटलं, बुधगाव गेलं मागं."

तिसऱ्या चाकाला "सोडा" म्हणायच्या आधीच त्यांनी पाय सोडला. निपल उघडा होता, त्यामुळे सगळी हवा पुन्हा आत. मी गाडीखालून काहीतरी बोललो. ते काय होतं हे त्यांनी विचारलं नाही, फक्त म्हणाले, "चल, पहिल्यापासून." हेच वाक्य ते मला सायकल शिकवताना म्हणायचे. ते तेव्हा मागे धावत होते आणि मी पडत होतो.

संध्याकाळपर्यंत बाटलीत पातळ मधाच्या रंगाचं स्वच्छ ऑइल येऊ लागलं, एकही बुडबुडा नाही. पेडल वरच घट्ट लागलं. मी गाडी सावकाश गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि ब्रेक मारला. थांबली. अण्णा शेजारी बसले होते. खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी मागं पाहिलं आणि म्हणाले, "मागचं डावं जरा उशिरा धरतंय."

रविवारी पुन्हा घोड्या लावायच्या आहेत. वरवंटा आईने उचलून ठेवलाय.