मोजणाऱ्याचं मोजमाप

लष्करातून सुटलेल्या वस्तूला पेन्शन मिळत नाही, ताठा मात्र शेवटपर्यंत टिकतो. बासरला आमच्या सुभेदारसाहेबांच्या टेबलावर ब्रिटिश लष्करासाठी बनवलेला, वीज मोजायचा एक ॲव्होमीटर बसला आहे. बसलाच आहे, ठेवला आहे असं म्हणवत नाही. काळी जाड पेटी, वर कातडी पट्टा, पंख्यासारखी उघडलेली तबकडी, तिच्याखाली दोन भलेमोठे खटके, डावा डी.सी.चा आणि उजवा ए.सी.चा. एका अंगाला तीन रेघांचा बाण. हा बाण म्हणजे ‘सरकारी माल, हात लावू नये’. लष्करानं मोडीत काढला, पुण्याच्या जुन्या बाजारात पोत्यावर मांडला गेला, साहेबांनी घासाघीस करून उचलला, तरी बाण आपला रोखलेलाच.

सुभेदारसाहेब ईएमईतले. म्हणजे बंदूक चालवणाऱ्यांतले नव्हेत. बंदूक, गाडी, वायरलेस बिघडला की ज्यांना हाक मारतात, त्यांच्यातले. सिकंदराबादला शिकले, देशभर बदल्या झाल्या आणि निवृत्तीनंतर सासुरवाडीच्या गावी मोटारी भरून द्यायचं दुकान थाटून बसले. गोदावरीकाठी शेतीपंपांना तोटा नाही आणि जळणाऱ्या मोटारींनाही. दुकानाच्या फळीवर त्यांच्या कोअरचं ब्रीद रंगवलंय: ‘करम ही धरम’. त्याखाली, त्याच रंगात, ‘उधारी बंद’.

बासर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला ज्ञानसरस्वती आठवते. नांदेडहून निघालेली गाडी धर्माबाद ओलांडते आणि लगेच डब्यातली लेकुरवाळी मंडळी पिशव्या आवरायला लागतात. पाटी, पेन्सिल, तांदूळ, नवे कपडे घातलेलं आणि नेमकं आत्ताच झोपलेलं पोर. देवळात त्याचं बोट धरून पहिलं अक्षर गिरवून घेतात. वसंतपंचमीला तर रांग संपत नाही. अक्षराशी पहिली ओळख होताना हसणारं एकही मूल मी अजून पाहिलेलं नाही. पुढं परीक्षांमध्ये काय होणार आहे, याचा अंदाज त्यांना बहुधा तिथंच येतो.

या गावाला मात्र मोजमापाचा चांगला सराव आहे. निजामाच्या संस्थानात होतं, १९४८ नंतर हैदराबाद राज्यात, १९५६ पासून आंध्र प्रदेशात, २०१४ पासून तेलंगणात. जन्मभर आदिलाबाद जिल्हा लिहिलेल्यांना २०१६ पासून निर्मल जिल्हा लिहावा लागतो. गाव जागचं तसूभर हललं नाही. काटा तिथंच, खटका फिरत गेला.

तर या ॲव्होमीटरचा काटा आजारी पडला. म्हणजे शून्यापासून निघायचा, मध्यावर जाऊन अडायचा, काचेवर टिचकी मारली की पुढं सरकायचा. साहेबांचं निदान तयार होतं: ‘‘गॅपमध्ये कचरा.’’ या मीटरच्या पोटात एक कायमचा लोहचुंबक असतो. त्याच्या फटीत अतिशय बारीक तारेची कॉइल खड्यांच्या टेकूवर तोललेली असते. कॉइलमधून वीज गेली की ती वळते, केसासारखी स्प्रिंग तिला मागं ओढते, आणि या दोघींची ओढाताण जिथं थांबते तिथं काटा उभा राहतो. चुंबक म्हटला की आसपासचा लोखंडाचा कण त्याच्याकडं येणारच. मोटारीच्या दुकानात असल्या कणांचा काय दुष्काळ?

मे महिन्यात, बासरच्या उन्हात, साहेबांनी पंखा बंद केला. ‘‘श्वास पण तिकडं तोंड करून घ्या,’’ मला सांगितलं. मग चिकटपट्टीची सुईसारखी निमुळती कापलेली चिंधी चिमट्यात धरून फटीत सरकवली, स्प्रिंगला धक्का न लावता फिरवली आणि बाहेर काढली. भिंगाखाली पाहिलं तर टोकाला काळी लव. दारात एक शेतकरी उभा. ‘‘सुभेदार, मोटर भरली का हो? पाणी सुटलंय, पीक वाळायलंय.’’ साहेबांनी मान वर केली नाही. ‘‘उद्या.’’ पीक वाळलेलं चालेल, काटा थरथरायला नको, असा सगळा नूर. तो बिचारा पण बसला आमच्याबरोबर घाम गाळत, श्वास तिकडं तोंड करून घेत.

या मीटरचा जनक डोनाल्ड मॅकॅडी हा ब्रिटिश टपाल खात्यातला अभियंता. टेलिफोनच्या तारा तपासायला वेगवेगळी यंत्रं वाहून वाहून कंटाळला आणि त्यानं सगळी एका पेटीत कोंबली. १९२३ साली ॲव्होमीटर बाजारात आला. त्याचं आठवं मॉडेल १९५१ साली आलं आणि सुधारणा होत होत २००८ पर्यंत बनत राहिलं. आपल्याकडच्या आयटीआयच्या पोरांना मात्र ॲव्होपेक्षा नाशिक रोडच्या मोटवानेंचा मीटर जास्त ओळखीचा. हे तेच मोटवाने, ज्यांचे ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे काँग्रेसच्या सभांमधून घुमायचे. १९४२ सालच्या, उषा मेहतांच्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात नानक मोटवाने आरोपी होते, पुढं निर्दोष सुटले. मीटरच्या घराण्यात एवढा इतिहास असतो हे आम्हाला मास्तरांनी सांगितलं असतं, तर ओहमचा नियम जरा आनंदानं पाठ झाला असता.

काटा मोकळा झाला. मग सेलचं प्रकरण. ओहमच्या वरच्या रेंजला या मीटरला पंधरा व्होल्टचा सेल लागतो. निजामाबादच्या दुकानदारानं ‘‘पंधरा का क्या करते साब, नौ का लेलो’’ असं म्हटलं, तेव्हा साहेब त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहत होते ती नजर सीमेवर वापरायची असते. शेवटी गाडीच्या रिमोटचा बारा व्होल्टचा सेल आणि तीन व्होल्टची चपटी बॅटरी एकामागं एक जोडून पंधरा केले. हिशेब दुसरीतला, समाधान पदवीदानाचं.

आणि मग खरा पेच. मीटर चालतोय, पण बरोबर चालतोय का? मोजणाऱ्याला मोजायचं कशानं? साहेबांनी नातवाचा पिवळा डिजिटल मीटर मागवला. नवा सेल त्यावर १.५८ व्होल्ट. ॲव्होवर दीडच्या पुढं, ‘हे बघ, साधारण इथं’. आता डिजिटलवर तरी विश्वास का? कारखान्यात त्याला कुणीतरी दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिलेलं असतं, त्या दुसऱ्याला तिसऱ्याशी, असं करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जायचं. पूर्वी या वाटेच्या टोकाला वेस्टनचा सेल असे, २० अंशांवर १.०१८६ व्होल्ट देणारा, नाजूक आणि जपून हाताळायचा. १९९० पासून व्होल्टचं माप जोसेफसन जोडावर टेकवलंय, त्यासाठी मोठी थंडी लागते. बासरच्या मे महिन्यात त्याचा नाद सोडलेला बरा.

तबकडीखालचा आरसा ही मला या यंत्रातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. काट्याच्या बरोब्बर वरून पाहिलं तर आरशातलं त्याचं प्रतिबिंब त्याच्याच मागं दडतं. प्रतिबिंब दिसतंय याचा अर्थ तुम्ही तिरके उभे आहात. डिजिटलला कसंही बघा, तो सांगणारच १.५८, तुमच्या उभं राहण्याशी त्याला देणंघेणं नाही.

नातू आमचा मराठीत कच्चा, तेलुगूत पक्का आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये आगाऊ. त्यानं दोन लाख ओहमचे दोन रेझिस्टन्स नऊ व्होल्टला एकापुढं एक लावले आणि एकावरचा व्होल्टेज मोजायला सांगितला. कागदावर उत्तर साडेचार. डिजिटलनं ४.४६ दाखवले. ॲव्होनं दहाच्या रेंजला सरळ तीन! ‘‘तात्या, तुमचा मीटर खोटं बोलतो.’’

तात्या खोटं ऐकून घेणाऱ्यांतले नाहीत. या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स प्रत्येक व्होल्टच्या रेंजला वीस हजार ओहम, म्हणजे दहाच्या रेंजला दोन लाख. तो मोजायला बसला की सर्किटमधली थोडी वीज स्वतः पितो आणि उरलेलं मोजून सांगतो. तपासणीला आलेलं पथक आधी जेवून घेतं, तसंच. डिजिटलचं पोट लहान, एवढाच फरक. जेवतो तोही, नाहीतर साडेचार नसते दाखवले?

पण साहेबांचा खरा पत्ता पुढं होता. कपाटातून त्यांनी जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा पिवळा पडलेला सर्व्हिस कागद काढला. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कुठल्या पायावर किती व्होल्ट हवेत याचा तक्ता, आणि तळाशी बारीक अक्षरात सूचना: मोजमाप व्होल्टला वीस हजार ओहमच्या मीटरनं केलेलं आहे. म्हणजे छापलेल्या आकड्यांत मीटरनं पिऊन टाकलेला वाटाही आधीच वजा आहे. अचूक मीटर लावला तर काही आकडे चढेच दिसणार आणि नसलेला बिघाड शोधत रात्र जाणार. ज्या भुकेनं मोजलं, त्याच भुकेनं पुन्हा मोजायचं. नातू गप्प झाला. गेल्या पाच मिनिटांत साहेबांच्या मिशा थोड्या रुंद झाल्या असाव्यात, पण तेवढ्यासाठी आरसा नव्हता.

खंडेनवमीला हा मीटर पाटावर असतो. फूल चालतं, काचेवर हळदकुंकू लावू देत नाहीत. सूनबाईंनी एकदा विचारलं, देवी रागावणार नाही का? ‘‘रागावली तर बटण वर येईल,’’ साहेब म्हणाले. जास्त वीज शिरली की याचं कट-आउटचं बटण खट्कन उडतं आणि मीटर वाचतो, त्याचा तो संदर्भ.

मीटर बरा झाला त्याच आठवड्यात गावातला एक मर्फी रेडिओ आला. साहेबांनी आख्खी दुपार एकेका पायावर प्रोब टेकवत काढली. मी तक्ता वाचायचा, त्यांनी काटा वाचायचा. सगळे आकडे जुळले. मीटर शंभर नंबरी, व्हॉल्व्ह ठणठणीत, रेडिओ मुका. संध्याकाळी नातवानं पुढची जाळी काढली. स्पीकरचा कागद उंदरांनी साफ केला होता.