पोल पॉटची खुर्ची

"काय वहिनी, लेक-जावई अंकोरवाट बघून आले म्हणे?"

"आले की! फोटो बघून डोळे दुखले. पण नाना, कंबोडियाचा तो राजा सिहानूक, नक्की कुणाच्या बाजूचा हो?"

"ज्या बाजूचं दार उघडं, त्या बाजूचा! पोल पॉटच्या ख्मेर रूज कम्युनिस्टांनी त्याला राजवाड्यातच कोंडला, त्याची पाच पोरं मारली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजा राजधानी नॉम पेन्हच्या तोंडाशी आल्या, तेव्हा चिनी विमानात घालून बाहेर काढला. आणि हा पठ्ठ्या न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत जाऊन बोलला कुणाविरुद्ध? व्हिएतनामविरुद्ध!"

"अगं बाई! पोरं मारणाऱ्यांची वकिली?"

"पत्रकारांपुढे त्यांचेही वाभाडे काढले म्हणा. पण त्यांची खुर्ची वाचली. पोल पॉट पळाला जंगलात, तरी संयुक्त राष्ट्रांत जागा त्याच्याच सरकारची. राहतोय एक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर! चीन, अमेरिका, थायलंड, सगळ्यांना व्हिएतनामची जिरवायची होती ना. आपल्या इंदिराबाईंनी मात्र १९८० मध्ये व्हिएतनामनं नॉम पेन्हला बसवलेल्या हेंग साम्रिन सरकारला मान्यता दिली. किती जणांनी नाकं मुरडली!"

"आणि त्याच सुमारास नावांतून पळालेले ते लोक?"

"ते व्हिएतनाममधलेच. मलेशियावाले नावा ओढून परत समुद्रात सोडायचे. म्हणून किनारा दिसला की लोक आपली नाव आपणच फोडत. बुडालेली नाव कोण ओढणार? जुलै १९७९ मध्ये जिनिव्हाला ६५ देश जमले. २,६०,००० माणसं घ्यायचं कबूल झालं, आणि व्हिएतनामनं सांगितलं, लोकांचं बाहेर पडणं तूर्त थांबवतो."

"म्हणजे पळणाऱ्यांनाच कोंडलं की!"

"आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बरं, कंबोडियाचा तो हुन सेन. तोही १९७७ मध्ये ख्मेर रूज सोडून व्हिएतनामलाच पळालेला."

"म्हणजे तोही निर्वासितच!"

"पण पुढे पंतप्रधान! १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निवडणूक घेतली, तर सिहानूकच्या मुलाचा पक्ष पहिला, याचा दुसरा. हा काही हटेना. शेवटी दोन पंतप्रधान नेमले, पहिला नि दुसरा. पदाची नावंच तशी!"

"आणि चालायचं कुणाचं?"

"दुसऱ्याचं. १९९७ मध्ये त्यानं पहिल्याला हाकललाच. २०२३ पर्यंत बसला, मग पद सोडलं. कुणासाठी? स्वतःच्या मुलासाठी."

"हे मात्र चटकन कळलं हो, नाना."