वरातीमागून थंडरबर्ड
थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती २००४ची. ऑफिसातल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरशी त्याचं थेट बोलणं सुरू झालं २०२५च्या नोव्हेंबरात. तोवर मधे कुणाचं तरी ॲड-ऑन लागायचं, आणि आयटीवाल्यांचं ‘आऊटलुक वापरा ना’ हे उत्तर तयारच असायचं. बरं, आताही आधी फक्त मेल, कॅलेंडर मागाहून. म्हणजे मीटिंगचं आमंत्रण येणार, पण मीटिंग कॅलेंडरात दिसणार नाही (काहींना हीच सोय वाटेल). खरी गंमत पुढेच. ज्या ईडब्ल्यूएसच्या (एक्स्चेंज वेब सर्व्हिसेसच्या) दारातून स्वारी आत शिरली, ते क्लाउडपुरतं ऑक्टोबर २०२६पासून बंद करायचं मायक्रोसॉफ्टने २०२३मध्येच जाहीर केलं होतं. आता नवं दार मायक्रोसॉफ्टच्याच ग्राफ एपीआयचं. परवानगी ॲडमिनची, आणि ॲडमिन रजेवर. तशी नोंद आहे म्हणे, कॅलेंडरात.