समस्त रिमोटधारकांस अनावृत पत्र

प्रति,
समस्त रिमोटधारक, दिवाणखाना विभाग.

विषय : मुलांसमवेत पाहावयाच्या चित्रपटाची निवड.

महोदय/महोदया,

चित्रपट मुलांजोगा आहे का, हे ठरवताना आधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहायचे असते. ते पडद्यावर झळकते तेव्हा घरात चार्जरवरून भांडण चालू असते, हा भाग वेगळा. १९५२ च्या कायद्यानुसार ‘यू’ सर्वांसाठी, ‘ए’ केवळ प्रौढांसाठी. १९८३ मध्ये या दोहोंच्या मध्ये ‘यूए’ आले : बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे केले. ‘ए’ला थिएटरच्या दारावर अडवतात, ‘यूए’ हा नुसता सल्ला. मार्गदर्शन पालकांनीच करावयाचे आहे.

ते पुढीलप्रमाणे केले जाते. नायक सळईने गुंडांची डोकी फोडत असतो, तेव्हा कोणाचाही घास हातात थांबत नाही. चुंबनाची चाहूल लागताच मात्र वडील उशीखाली रिमोट शोधतात, आईला अचानक तहान लागते आणि दहा वर्षांच्या मुलाला फ्रिजकडे पिटाळले जाते. काय हुकले, हे मुलाला बाटली उघडण्याआधीच कळलेले असते. सळईबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मुलांचा सिनेमा म्हणजे कार्टून, ही आणखी एक सोयीची समजूत. ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) आईच्या यंत्राच्या कर्जापायी लाडकी सायकल विकायची वेळ येते आणि पंढरपूरची पोरे यात्रेत बांगड्यांचे दुकान थाटतात. ‘किल्ला’तल्या मुलाचे वडील वारलेले आहेत आणि आईच्या बदलीमुळे त्याला कोकणातल्या नव्या गावात रुजायचे आहे. असली दुःखे मुलांना पेलतात, शेजारी कोणी बसले असेल तर. शेजारी बसून रील पाहणारे पालक यात मोडत नाहीत.

ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार वयोगटासोबत हिंसा, शिवीगाळ, व्यसन असे कारणही लिहावे लागते. वयाच्या आकड्यापेक्षा ते अधिक कामाचे. भुताला घाबरणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला ‘तेरा’चा काय दिलासा? ट्रेलरवर विसंबू नये. शेवटची वीस मिनिटे मोठ्यांनी आधी पाहून ठेवावीत. रक्तपात बहुधा तिथेच राखून ठेवलेला असतो.

‘तेरा’पासून पुढच्या वयोगटांसाठी पालक-कुलूप उपलब्ध असणे बंधनकारक आहे. त्याचा पिन मुलाची जन्मतारीख असल्यास तातडीने बदलावा. नवा पिन आजोबांना सांगू नये. ते टीव्ही नातवाकडूनच लावून घेतात.

कळावे.