कापूस आहे, हे फोनला कसं पटवावं: नवशिक्या कास्तकारांसाठी

कापूस पिकवावा कसा, यावर कृषी विद्यापीठाची पुस्तकं आहेत, कृषी सेवा केंद्रवाल्याचे सल्ले आहेत, धुऱ्यापलीकडच्या काकाजींची मतं आहेत. ही मार्गदर्शिका त्या भानगडीत पडत नाही. तुमच्या वावरात कापूस फुटला, बायांनी सीतादही करून पहिला वेचा काढला, पडवीत गंजी लागली आणि लेकरं तिच्यावर लोळायला लागली, इथून आपण सुरुवात करतो. एवढं सगळं झालं तरी तुमच्याकडे कापूस आहे, हे अजून कोणी मान्य केलेलं नाही. ते मान्य करून घेण्याची पद्धत खाली दिली आहे. केळापूर तालुक्यात कुठेही लागू. जगदंबेला नारळ आधी फोडायचा की नंतर, हे ज्याचं त्याने ठरवावं.

साहित्य: एक स्मार्टफोन. आधार कार्ड. आधारला जोडलेला मोबाईल नंबर, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेला. पासबुक. शेतकरी ओळख क्रमांक. आणि बारावी झालेला एक पोट्टा. यात पोट्टा सगळ्यांत महत्त्वाचा. फोन उसना मिळतो, पोट्टा मिळत नाही. घरचा नसेल तर शेजारचा धरावा, आणि पोळ्याच्या आत धरावा. नंतर तो नागपूरला जातो.

पायरी पहिली: पीक पेरलंय असं सांगणे

सातबाऱ्यावरचा ‘बारा’ म्हणजे पिकांची नोंद. पूर्वी ती तलाठी करायचा. वावरात येऊन करायचा की पारावर बसून, याबद्दल गावागावांत वेगवेगळ्या आख्यायिका आहेत, पण करायचा तो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा’ असं ठरलं. पुढे तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. थोडक्यात, काम आपल्याकडे आलं आणि हुद्दा त्यांच्याकडे राहिला. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. कामाची वाटणी नीट समजली की पुढे घोळ होत नाही.

तर, फोन घेऊन वावरात जा. ही पायरी गंजी लागायच्या आधीच उरकायची असते: ऑगस्ट महिना आहे, काळी माती आहे, त्यामुळे चपला धुऱ्यावरच काढून ठेवा. नाहीतर प्रत्येक पावलाला एकेक किलो जमीन सोबत येते. कडक ऊन असेल तर स्क्रीन दिसत नाही. पाऊस असेल तर ओलं बोट चालत नाही. दोन्ही नसतील असा दिवस निवडावा, आणि तो रविवार नसावा, कारण रविवारी सगळा तालुका हेच करत असतो आणि सर्व्हरलाही जीव आहे.

गट नंबर निवडून कॅमेरा उघडला की उपग्रह तुम्हाला शोधतो. आज्याने लावलेल्या बाभळीखाली, स्वतःच्या वावरात उभं असताना ‘आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात’ असं वाचायला मिळालं तर वाद घालू नये. नकाशा जुन्या मोजणीचा, उपग्रह नव्या जमान्याचा; त्यांचं एकमेकांशी जमायला वेळ लागतो. चार पावलं उगवतीकडे सरकावं. फोन डोक्यावर धरावा. तरीही नाही जमलं तर शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पाहावं. कधीकधी तिथून तुमचं वावर बरोबर सापडतं.

मग फोटो. फोटोत हिरवं दिसलं म्हणजे झालं. ती पऱ्हाटी आहे की भेंडी, हे तुम्ही खालच्या यादीतून निवडाल त्यावर ठरतं. (दोन्ही एकाच कुळातल्या. फोनचं फार चुकतंय असंही म्हणता येत नाही.)

वावर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला असेल तर एकट्याने जाऊ नये. स्क्रीनकडे बघत उभ्या असलेल्या माणसाला मागचं काही ऐकू येत नाही.

मधली सूचना: खचू नये

इथपर्यंत येऊन ‘आपल्याला हे तंत्रज्ञान जमत नाही’ असं वाटू लागलं, तर २०१८ साल आठवावं. पांढरकवडा वनविभागात टी-१ वाघीण, जिला पुढे जग अवनी म्हणायला लागलं, तिचा शोध चालू होता. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावलेले होते. राळेगावच्या बाजूच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप लागले, उष्णता टिपणारे ड्रोन उडाले, पॅराग्लायडर आला, हत्ती आले, इटलीच्या जातीचे केन कोर्सो कुत्रे आले. ‘ऑब्सेशन फॉर मेन’ नावाचं विलायती अत्तरही आणलं, कारण मोठ्या मांजरांना त्याचा वास आवडतो, असा अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयाचा अनुभव होता. ज्या झुडपांत गुराख्याच्या घोंगडीचा वास यायचा तिथे अत्तर दरवळलं. यातल्याच एका हत्तीने सुटून जाऊन एका बाईचा जीव घेतला. वाघीण दोन बछडे घेऊन फिरतच होती. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ जीपमधून झाडलेल्या गोळीने ती मेली, आणि त्या गोळीवरून जो वाद सुरू झाला तो कुठल्याही ड्रोनला वरून मिटवता आला नाही.

एवढ्या यंत्रांना एक वाघीण सापडायला इतके महिने लागले, तर तुमचा गट नंबर सापडायला दोन दिवस लागले म्हणून मनाला लावून घेऊ नका.

पायरी दुसरी: तुम्ही तुम्हीच आहात असं सांगणे

नोंदणीसाठी सेवा केंद्रावर गेल्यावर अंगठा मागतात. बोंडाची वाळलेली टोकं बोटाला टोचतात. वर्षानुवर्षं वेचणी केलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा अशा उरतच नाहीत. मशीन लाल होतं. केंद्रावरचा पोट्टा म्हणतो, ‘माय, जरा दाबून.’ ती पदराला अंगठा पुसते, दाबते. पुन्हा लाल. ‘दुसरं बोट द्या.’ दुसरं बोट पहिल्यापेक्षा जास्त कामाचं निघतं, म्हणजे त्याने जास्त काम केलेलं असतं, म्हणून तेही लाल. मग कोणीतरी सुचवतं, हाताला तेल लावा. कोणी म्हणतं, तेल पुसा. इतका कापूस ज्या बोटांनी वेचला त्याच बोटांमुळे कापूसवाली ओळखू येत नाही.

असं झालं तर ओटीपीचा मार्ग आहे. ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो. मुलगा बुटीबोरीला कंपनीत रात्रपाळी करून झोपलेला असतो.

‘बाबू, आला का नंबर तुह्या फोनात?’

‘झोपलो होतो न, बाबा.’

‘मंग सांग न लवकर, थो मरते दोन मिनिटांत.’

मेला तर ‘पुन्हा पाठवा’ हे बटण आहे. तिसऱ्या वेळेनंतर ते थोडा वेळ विश्रांती घेतं. तुम्हीही घ्या, बाहेर चहा मिळतो.

पायरी तिसरी: रांगेत लागणे

१९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. लोक गाडीखाली झोपायचे, भाकरी घरून यायची, आणि ज्यांना धीर नसायचा त्यांचा कापूस रात्री पैनगंगा ओलांडायचा. त्या रांगेत तुमच्या पुढे कोण आहे, हे निदान डोळ्यांनी दिसायचं.

२०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ हे ॲप आणलं. हमीभावाने विकायचं असेल तर त्यावर नोंदणी, मग पडताळणी, मग तारीख मिळवणे. आता रांग फोनमध्ये गेली आहे. भाकरी घरीच खाता येते, हा फायदा मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. फक्त पुढे कोण आहे, ते दिसत नाही.

पहिली पायरी नीट झाली नसेल तर ही होत नाही, कारण सातबाऱ्यावर कापूस नाही म्हणजे पडवीतली गंजी हा भास. आणि वावर मक्त्याने केलं असेल, सातबारा वर्ध्यात राहणाऱ्या मालकाच्या नावाचा असेल, तर या पायरीवर बसून घ्या. पुढची पायरी सहज सापडत नाही. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कापूस खपवणारे बाजारात असतात, त्यांना रोखायला हे सगळं केलं असं सांगतात. मक्त्याचा कास्तकार त्याच जाळ्यात अडकला, आणि तो निसटायला शिकलेला नाही.

शंका-समाधान: यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे आली?

येणार आहे. राज्याने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींचं. त्याच वर्षी ‘महाविस्तार’ ॲप आलं. त्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. जरूर विचारा. गुलाबी बोंडअळीचं विचारा, खताचं विचारा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, पऱ्हाटीला पात्या लागत असताना, केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि नंतर सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. भाव कोण ठरवतं, हा प्रश्न ॲपला विचारायचा नसतो. त्याला अवघडल्यासारखं होतं.

खरं सांगायचं तर कामाचं तंत्रज्ञान आपल्याकडे आहे, फक्त त्याचं उद्घाटन झालेलं ऐकिवात नाही. मोटारीच्या पेटीत सिमकार्डवालं स्टार्टर बसवून घ्या. रात्री दोनला लाइन आली तर घरून एक कॉल करायचा, मोटार सुरू. वाघाच्या मुलखात अंधारात विहिरीपर्यंत न जाणं याची किंमत कोणत्याही धोरणात मांडलेली नाही. तसाच डिजिटल सहीचा सातबारा: पंधरा रुपयांत, रात्री अकराला, कोणाच्याही घरी चकरा न मारता. या दोन गोष्टींबद्दल या मार्गदर्शिकेत वाकडा शब्द सापडणार नाही.

पायरी चौथी: काटा

तारीख मिळाली, गाडी भाड्याने केली, पांढरकवड्याच्या जिनिंगच्या फाटकात पोचलात. आता ग्रेडर आर्द्रता मोजायचं यंत्र गंजीत खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, तिथून बारापर्यंत टक्क्यागणिक कपात, बाराच्या वर गाडी परत. २०२५-२६ साठी लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये, मध्यमला ७,७१०. आकडे पाठ करून जा, पण परतीच्या पावसाने भिजलेला कापूस सोबत नेऊ नका. ॲपने दिलेली तारीख आणि आभाळाने दिलेली तारीख एकच असेल, याची जबाबदारी दोघेही घेत नाहीत.

पर्यायी पद्धत

दारात टेम्पो उभा राहतो. खेडा खरेदीवाला उतरतो, कापूस मुठीत दाबून बघतो, आकडा सांगतो. हमीभावाहून कमी. हुकाचा काटा लटकवतो, त्यात तो थोडं मारणार हे तुम्हाला माहीत असतं आणि तुम्हाला माहीत आहे हे त्याला. ओटीपी नाही, अंगठा नाही, सर्व्हर नाही. वेचणाऱ्या बायांची मजुरी शनिवारी द्यायची असते, ती शुक्रवारी रोख हातात येते. सगळी ॲपं मिळून या माणसाशी स्पर्धा करतायत, आणि त्याच्याकडे साधा फोन आहे.

पायरी पाचवी: चुकारा

पैसे थेट खात्यात येतात. ही चांगली गोष्ट आहे, मधला हात राहत नाही. कोणत्या खात्यात, हे मात्र आधार ठरवतं: ज्या खात्याला ते शेवटचं जोडलं गेलं त्यात. ते खातं गॅसच्या सबसिडीसाठी कधी काळी उघडलेलं, ज्याचं पासबुक सापडत नाही, असंही निघू शकतं. त्या बँकेत जा. खातं बरेच दिवस वापरात नाही म्हणून केवायसी करायला सांगतील. आधार, पॅन आणि दोन फोटो लागतील. वावराचे नाही, तुमचे.