पाहुणा, वैरी आणि इस्पितळ

पाहुणा म्हणजे देव, असं आपण म्हणतो. तो किती दिवसांचा देव, हे मात्र गुलदस्त्यात ठेवतो. इंग्रजी शब्दांना ही भीड नाही. ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा, ‘होस्ट’ म्हणजे यजमान आणि ‘होस्टाइल’ म्हणजे वैरी वृत्तीचा. तिघंही एकाच कुळातले. मूळपुरुष होता कुणीतरी परका माणूस. लॅटिनमध्ये तो ‘होस्टिस’, म्हणजे शत्रू, झाला. आपले पूर्वज होस्टिस म्हणत तो साधा परदेशी, असं रोमन वक्ता सिसेरोनं इ.स.पू. ४४ मध्ये लिहून ठेवलंय. शत्रूलाही परका म्हणण्यात त्याला पूर्वजांचं सौजन्य दिसलं. पाहुणा चौथ्या दिवशीही वळकटी बांधेना तेव्हा अर्थ बदलला असावा, असा आमचा तर्क. पण सिसेरोपुढे आमचं कोण ऐकणार!

कुणी म्हणेल, आवाज जुळला की नातं जोडायचं, तर मग ‘घोस्ट’लाही पंगतीला बसवा. मोह होतो खरा, कारण मानगुटीवर बसण्याची कला भूत आणि पाहुणा दोघांनाही अवगत. पण भुताचं मूळ वेगळं आहे; शब्दांची नाती नुसत्या आवाजावरून नव्हे, नियमावरून जुळतात. लॅटिन शब्दारंभी ‘ह’ असेल, तर पुष्कळदा जर्मन कुळातल्या भाषांत तिथे ‘ग’ सापडतो. बाग म्हणजे लॅटिन ‘होर्टुस’, इंग्रजी ‘गार्डन’. ‘कालचा’ म्हणजे लॅटिन ‘हेस्टर्नुस’ आणि ‘काल’ म्हणजे जर्मन ‘गेस्टर्न’. जर्मन भाषांमधल्या अशा व्यंजनबदलांची शिस्त १८२२ मध्ये मांडली ती याकोब ग्रिमनं, म्हणजे परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्यानं. परीकथा सांगणाऱ्याने भुताला पुराव्याअभावी बाहेर काढावं, हा न्यायच म्हणायचा.

याच घरात लॅटिन ‘होस्पेस’ नांदत होता. तो यजमानही आणि पाहुणाही. जेवणाचा खर्च कुणाचा, हे संदर्भावरून ठरवायचं. त्याच्या वंशात हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल निपजले. फ्रेंचांनी हॉटेलमधला ‘स’ गिळला आणि त्याची आठवण म्हणून ‘ओ’च्या डोक्यावर टोपी ठेवली. पॅरिसचं ‘ओतेल-द्यू’, म्हणजे शब्दशः देवाचं हॉटेल, हे इस्पितळ आहे. खोली मागायला गेलात तर आधी नाडी बघतील. आपल्याकडे इस्पितळ पोर्तुगीजांकडून आलं, बाकी तिघं इंग्रजांकडून. सख्खी भावंडं दोन बोटींतून उतरली. आता मूळ एक म्हणून अर्थही एक होत नाही, हे मान्य. आपल्या हॉटेलात मिसळ मिळते, मुक्कामाला लॉज शोधावा लागतो. तरी इस्पितळात ‘डीलक्स रूम’चे दर ऐकले की वाटतं, घराण्याचं रक्त अजून वाहतंय.

आणि आपण तरी कुठे वेगळे? एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला खेड्यात सरळ विचारतात, “काय पावणं, कुठलं गाव?” परका तोच पाहुणा, हा होस्टिसचा जुना अर्थ. पावण्यांनी खिडकीची जागा बळकावलेली असेल, तर नवा अर्थ यायला पुढचा थांबाही लागत नाही.